शेवटची कात

स्वयंपाकघरातून मागच्या बाल्कनीत जायच्या दारात एका कोळिणीने जाळं विणलं आणि त्या दिवसापासून ते दार घरातल्या माणसांना बंद झालं. दार तसं उघडंच होतं. पण चौकटीच्या वरच्या कोपऱ्यापासून खालच्या बिजागरीपर्यंत चाकासारखं गोल जाळं पसरलं होतं आणि त्याच्या मधोमध, खांद्यांवर दोन उंचवटे असलेली, वाटाण्याएवढी तपकिरी बया बसली होती. बाल्कनीत वॉशिंग मशीन होतं, नळ होता, कपड्यांच्या दोऱ्या होत्या.

"अहो, मी जाऊ कुठून?" बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं.

"खालून. वाकून जा. डाव्या अंगाला जागा आहे."

"आणि माझी कंबर?"

"थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. तिने शेवटची कात टाकली की झालं."

"मग काचेच्या बरणीत ठेवा ना तिला."

"बरणीत ती विणत नाही. विणलं नाही तर खात नाही. खाल्लं नाही तर वाढत नाही. एवढं साधं कसं कळत नाही तुला?"

तिला कळत नव्हतं असं नाही. तिचा नवरा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. विद्यार्थी त्याला पाठीमागे 'कोळीसर' म्हणत आणि हळूहळू सहकारीही तोंडावर तसंच म्हणू लागले होते. सरांनी उभा जन्म चाकासारखं जाळं विणणाऱ्या कोळ्यांवर घालवला होता आणि त्यांचे सगळे लेख बायकोनेच टाइप केले होते. त्यामुळे इच्छा नसताना तिला बरंच काही पाठ झालं होतं. आठ डोळे, दोन रांगांत. पायाच्या टोकाला तीन नख्या, त्यातली मधली धागा धरायला. मादी गलेलठ्ठ, नर तिच्यापुढे किरकोळ. बरेचसे संध्याकाळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि नवं विणतात. चाक विणणारे सगळे एकाच कुळातले नसतात आणि त्या कुळातले सगळेच चाक विणत नाहीत, हेही तिला ठाऊक होतं. कारण या वाक्यावरून सरांचं एका संपादकाशी वाजलं होतं आणि ते वाक्य तिला पुनःपुन्हा टाइप करावं लागलं होतं.

सरांचा एक लाडका सिद्धांत होता. आसपासच्या कुंपणांमध्ये दोन कोळी सापडत. एक तपकिरी, उंचवटेवाला. दुसरा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा. शास्त्राने दोघांना वेगवेगळ्या वंशांत घातलं होतं. सर म्हणत, साफ चूक. तपकिरी हे पट्टेरीचंच कोवळं वय. शेवटची कात टाकली की तपकिरीची पट्टेरी होते. मादी पूर्ण वाढल्याशिवाय कोळ्याची जात छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि ही तपकिरी मादी पूर्ण वाढेपर्यंत कुणी धड पाहिलीच नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांनी हे एका परिषदेत मांडलं तेव्हा सभागृह हसलं होतं. हसणाऱ्यांत जो सगळ्यात पुढे बसला होता तो आता त्यांचा विभागप्रमुख होता, वयाने बराच लहान. त्याचा विषय मासे.

"कोळ्याने मासा धरायचा असतो," सर घरी म्हणत. "आमच्याकडे माशाने कोळ्याला धरलंय."

हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला होता की त्यातलं हसू कधीच आटलं होतं. कडूपणा तेवढा उरला होता.

आता सरांची निवृत्ती तोंडावर आली होती आणि नेमकी तपकिरी त्यांच्या घरी चालून आली होती. ते रोज सकाळी तिचा फोटो काढत. बायकोचा शेवटचा फोटो त्यांनी कधी काढला होता ते दोघांनाही आठवलं नसतं.

एके दुपारी सर कॉलेजात असताना मशीनने पाणी सोडलं. सोडायचंच होतं, पण पाइप मोरीतून निसटला होता. साबणाचं पाणी बाल्कनी भरून उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात शिरलं. बायकोने सरांना फोन लावला.

"अहो, घरात पाणी आलंय. नळ तिकडे आहे."

"मग बंद कर."

"दारात ती आहे."

"वाकून जा. आणि हे बघ, धक्का लावू नकोस. तिने कालपासून खाणं सोडलंय. कात टाकायच्या आधी सोडतात. फार नाजूक वेळ असते."

बायको वाकली. डाव्या अंगाने अर्धी पलीकडे गेली आणि तिच्या कमरेत उसण भरली. अशा वेळी माणसाला आणखी खाली जाता येत नाही. ती वर उठली.

जाळं तिच्या केसांवर, चष्म्यावर, तोंडावर आलं. नळ बंद करून तिने चष्मा पुसला तेव्हा तपकिरी फेसावर पाय आखडून गरगर फिरत मोरीकडे निघाली होती. "अगं थांब! थांब!" असं ती कोळिणीला म्हणाली आणि हात पुढे केला. कमरेने हात पोचू दिला नाही. मोरीने एक घोट घेतला.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी तावातावाने वर आल्या. "काकू, आमच्या छतातून धार लागलीय!" पण काकू मोरीपाशी ओल्या साडीत बसून रडत होत्या.

"काय झालं? अंगठी गेली?"

"कोळीण गेली."

वहिनींनी मोरीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. "मग बरंच झालं की."

त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं. वहिनी मनाने मोकळ्या होत्या. छताचं भांडण त्यांनी बाजूला ठेवलं आणि डबा घेऊन काकूंना आवारातल्या कुंपणाशी घेऊन गेल्या. "हे घ्या, हवे तेवढे कोळी."

पण काकूंचं समाधान होईना. "हा नर आहे." "हिचं जाळं चाकाचं नाही, नुसता पसारा आहे." "ही फार लहान."

"काकू, तुम्ही कोळी शोधताय की सून?" वहिनी वैतागल्या. शेवटी आकाराला बरी अशी एकच मादी उरली. ती पट्टेरी होती.

"अहो, रंग?"

"थोडा उजळलाय म्हणायचं. सरांना चष्मा आहे ना?"

बायकोने खरं सांगायचंच ठरवलं होतं. दुसरी कोळीण आणली ती केवळ चौकट रिकामी दिसू नये म्हणून. दुःखाच्या घरात कुणीतरी सोबतीला बसवावं, तशी. सरांना आधी चहा द्यायचा, मग सांगायचं. पण ते आले ते थेट दाराशी गेले.

"जाळं कुठंय?"

"ते... म्हणजे आज दुपारी..."

"खाल्लं! संध्याकाळ झाली ना. आता नवं विणेल. तिच्यासमोर दिवा नको." आणि त्यांनी स्वयंपाकघरातला दिवा घालवला. नवी कोळीण चौकटीच्या वरच्या फटीत दडून बसली होती. बायकोने अंधारात चाचपडत भाजी परतली आणि मनात म्हटलं, सकाळी सांगू.

सकाळी तिला जाग आली ती सरांच्या किंकाळीने. ती धावली. दारात भलंमोठं नवंकोरं चाक होतं, त्याच्या मध्यावर पांढऱ्या धाग्याची नागमोडी वीण होती, आणि तिच्यावर डोकं खाली करून, पाय दोन-दोन जुळवून फुलीसारखे पसरून, पिवळी-काळी पट्टेरी बसली होती.

सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अहो, माझं ऐका," ती म्हणाली.

"टाकली!" सर म्हणाले. "कात टाकली! बघ, बघ ही! काल तपकिरी, आज पट्टेरी! मी काय सांगत होतो? सगळ्यांना काय सांगत होतो?"

त्यांनी तिला मिठीच मारली. कमरेतून कळ गेली.

मग सर गुडघ्यांवर बसून बाल्कनीभर टाकलेली कात शोधू लागले. कात सापडली तर पुरावा पक्का होणार होता. "वाऱ्याने गेली असेल," बायको पुटपुटली. हे तिचं पहिलं खोटं.

त्या दिवशी सरांनी स्वतःचा कप स्वतः विसळला. संध्याकाळी येताना तिच्यासाठी कमरेला लावायचा पट्टा आणला आणि "फार दुखतं का गं?" असं विचारलं. इतक्या वर्षांत हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ते ऐकण्यासाठी एक कोळीण मोरीत जावी लागली, असं तिच्या मनात आलं आणि तिला सरांचा राग आला, मग स्वतःचा आला. सांगायचं मात्र तसंच राहिलं.

सरांनी विभागप्रमुखांना कळवलं. आधी त्यांनी "हो का" म्हणून फोन ठेवला. पण कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती यायची होती आणि तिला दाखवायला विभागाकडे गळक्या टाकीतल्या माशांपलीकडे काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रमुख स्वतः घरी आले, वाकून जाळ्याखालून पलीकडे गेले, कोळिणीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले आणि दोन कप चहा प्यायले.

"सर, हे आपलं यश आहे," ते म्हणाले. "आपल्या विभागाचं."

'आपलं' हा शब्द ऐकून बायकोने कप उचलून आत नेले. जाताना प्रमुखांनी कोळीण बरणीतून नेली. सर जिन्यापर्यंत बरणी स्वतःच्या हाताने घेऊन गेले, लेक सासरी निघाल्यासारखे.

त्यानंतर सर रोज उशिरा येऊ लागले. प्रमुखांना विषय समजावून द्यायचा होता, भाषण लिहून द्यायचं होतं, फोटो रांगेने लावून द्यायचे होते. मग एक दिवस ते भलतेच लवकर आले आणि बूट न काढता खुर्चीत बसले. कॉलेजच्या फाटकावर फलक लागला होता. 'विभागप्रमुखांचा ऐतिहासिक शोध'. फलकावर प्रमुखांचा फोटो होता, प्राचार्यांचा होता, कोळिणीचा होता. फलक छापणाऱ्याचा फोन नंबरसुद्धा होता.

"आणि तुमचं नाव?"

"विचारलं मी. म्हणाला, शेवटी आभार मानणार आहे. शिपायाच्या आधी."

सर रडले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते नुसते भिंतीकडे बघत बसले. तिला वाटलं, आता सांगितलं तर उलट धीर येईल त्यांना. चोराने नेलं ते खोटं नाणं निघालं, तर घरच्याला आनंदच व्हायला हवा.

"बरं झालं त्याने नेलं ते," ती म्हणाली. "ते खरं नव्हतंच."

मग तिने सगळं सांगितलं. पाइप, उसण, मोरी, कुंपण, डबा. सर ऐकत होते.

"म्हणजे तू मला फसवलंस," शेवटी ते म्हणाले.

"मी कुठे काय म्हणाले? कात टाकली असं तुम्हीच ओरडलात. माझं ऐका म्हणत होते मी. तुम्ही कधी ऐकलंत?"

सर उठले. त्यांनी भिंग आणलं, काढलेले फोटो आणले. तपकिरीचा एक, पट्टेरीचा एक. दोन्ही खिडकीपाशी नेऊन पाहिले. पुन्हा पाहिले.

"डोळे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "डोळे बघायचेच राहिले." मग बाल्कनीत जाऊन ते मोरीपाशी उभे राहिले. दार आता मोकळं होतं, तरी जाताना ते सवयीने वाकले.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून कॉलेजात गेले. साक्षीला म्हणून बायको सोबत गेली. प्रमुखांनी सगळं हसतमुखाने ऐकून घेतलं.

"सर, नाव राहिलं त्याचं वाईट वाटलंय तुम्हाला. मी समजू शकतो. पण म्हणून मॅडमना घेऊन यायचं?"

"अहो, कोळीण माझ्या डोळ्यांदेखत मोरीत गेली!" बायको म्हणाली.

"मॅडम, घरकामाच्या गडबडीत असं वाटतं कधीकधी. फोटो सगळं सांगताहेत." मग त्यांचा आवाज बदलला. "समितीच्या तोंडावर आपल्याच विभागाची बदनामी कराल तर निवृत्तीच्या वेळी मलाही काही लिहावं लागेल. आणि खरं सांगू? तुम्हाला माझं बघवत नाही."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "प्राचार्यांकडे जाऊ या."

"कशाला? त्यांचाही फोटो आहे फलकावर."

समितीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. सरांना तिसऱ्या रांगेत खांबाआड जागा होती. बायको शेजारी बसली. समितीसोबत एक पाहुण्या बाई आल्या होत्या, दूरच्या विद्यापीठातल्या, त्यांचाही विषय कोळीच. प्रमुखांचं भाषण छान झालं. त्यातलं प्रत्येक वाक्य सरांचं आहे हे बायकोला ऐकूनच कळत होतं. उच्चार तेवढे प्रमुखांचे होते, म्हणजे चुकीचे. टाळ्या पडल्या.

मग पाहुण्या बाई उठल्या. त्यांनी पडद्यावरचे दोन फोटो मोठे करायला सांगितले. बरणी हातात घेऊन भिंगाखाली बघितली.

"मागच्या रांगेतले डोळे बघा," त्या शांतपणे म्हणाल्या. "तपकिरीत रांग जवळजवळ सरळ आहे. पट्टेरीत ती चांगली वाकलेली आहे. कातीबरोबर रंग बदलेल, आकार बदलेल. डोळ्यांची मांडणी अशी बदलत नाही. हे दोन वेगळे कोळी आहेत. मधे कुणीतरी अदलाबदल केलीय, किंवा झालीय. हे निरीक्षण कुणाचं?"

प्रमुखांनी एक क्षण घेतला. एकच. मग त्यांच्या चेहऱ्यावर मायेचा उमाळा आला.

"हे निरीक्षण आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचं आहे," ते म्हणाले. "सर, असे खांबाआड काय बसलात? वर या! मंडळी, मी केवळ त्यांचा आवाज होतो. कल्पना त्यांची, कोळीण त्यांची, फोटो त्यांचे, आणि आज मी वाचलेलं भाषणही, अगदी शब्द न् शब्द, त्यांचंच. आयुष्यभर हा माणूस पडद्याआड राहिला. श्रेय ज्याचं त्याला मिळालंच पाहिजे!"

आणि त्यांनी सरांचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, पदव्यांसकट, एकही चूक न करता.

सर उठले. बायकोने त्यांची बाही धरली, ती त्यांनी हळूच सोडवली. व्यासपीठावर त्यांना पुष्पगुच्छ देण्यात आला. तो प्रमुखांसाठी आणलेला होता. पाहुण्या बाईंनी सरांकडे पाहिलं आणि बाईंचाच चेहरा उतरला.

"ते तुम्ही?" त्या म्हणाल्या. माइक चालू होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. "डोळ्यांची मांडणी हीच वंशाची पक्की खूण, असं तुमच्याच जुन्या लेखात आहे. आम्ही अजून तो मुलांना वाचायला देतो. मी आज खरं तर तुम्हालाच भेटायला आले होते."

बायकोला तो लेख आठवला. तिनेच टाइप केला होता.

सर माइकपाशी गेले. आता ते सगळं सांगतील, फलकाचं, धमकीचं, आधीच येऊन सांगितल्याचं, अशी वाट बघत ती खुर्चीच्या कडेला सरकली. सर म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे. मी डोळे पाहिले नाहीत." एवढं बोलून ते खाली उतरले. कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि एकटाच पडल्यावर थांबला.

परत जाताना फाटकावर दोन माणसं शिडी लावून फलक उतरवत होती. प्रमुख खाली उभं राहून त्यांना नव्या मजकुराबद्दल काही सांगत होते. सरांना बघून त्यांनी लांबूनच हात जोडले.

फाटकाबाहेर येताच बायको भडकली. "तुम्ही काहीच का नाही बोललात? मी उभी राहून सांगितलं असतं, मशीनचं, पाण्याचं, सगळं! चूक माझी होती!"

"तुझी कशी? तुला कुठे कोळी ओळखायचा पगार मिळतो?"

"आणि तो? तो चोर सुटला की!"

पुष्पगुच्छ सरांनी उलटा धरला होता. फुलं रस्त्याला घासत होती.

"त्याला खोटं ठरवणार कसं?" ते म्हणाले. "ओळख झाल्यापासून आज पहिल्यांदाच तो माणूस माझ्याबद्दल खरं बोलला."